आठ घड्यांची चिठ्ठी

मी एक जुनं पेन आहे, मित्रांनो. पण माझ्यात शाई कधी भरली नाही आणि आजवर माझ्याकडून एक अक्षरही लिहून झालं नाही. माझ्या पोटात एक स्प्रिंग आहे, निबेच्या जागी बारीक सुई आणि सुईवर भोकाचं टोपण. टोपण बोटाच्या टोकाला टेकवायचं, चाप दाबायचा, की सुई टच्‌कन बाहेर येऊन आत जाते. बोटावर रक्ताचा थेंब उभा राहतो. तो थेंब पट्टीवर घेतला की साखर तपासायचं यंत्र आकडा दाखवतं. एवढंच माझं काम.

सध्या माझा मुक्काम काचेच्या बरणीत आहे. एका रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ही बरणी असते. झाकण घट्ट बंद केलेलं आहे आणि त्यावर लाल अक्षरांत लिहिलंय, 'उघडू नये'. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की रडतात, आम्हाला कुणी विचारलं नाही, आम्ही अडगळीत पडलो म्हणून. माझं रडगाणं उलटं आहे. मला फार जपलं हो! कुणी वेळेवर उचलून फेकून दिलं असतं, तर आज एक माणूस जिवंत असतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्यासारखी हजारो पेनं तिथे एका पट्ट्यावरून सरकत होती. शेवटी प्रत्येकाला एका डबीत झोपवलं आणि सोबत एक चिठ्ठी ठेवली, बारीक अक्षरांची, आठ घड्या घातलेली. त्या चिठ्ठीत काय लिहिलंय ते मला ठाऊक नव्हतं. आपल्या कपाळावर काय लिहिलंय ते कुणाला वाचता येतं?

माझी डबी उघडली ती माईंनी. माई म्हणजे एका पुस्तकबांधणीच्या कारखान्याच्या मालकीणबाई. वय बासष्ट, आवाज खणखणीत, बोटं दाभणानं टोचून टोचून कडक झालेली. त्यांना साखरेचा आजार निघाला होता, म्हणून भाच्यानं मला आणि त्या यंत्राला त्यांच्याकडे पाठवलं होतं. माईंनी डबीतली चिठ्ठी उचलली, उजेडाकडे धरली आणि म्हणाल्या, "अगं वहिनी, इकडे ये. घडी बघ ही! आठ घड्या, आणि एक रेघ इकडची तिकडे नाही. याला म्हणतात घडी."

वहिनी म्हणजे छापलेल्या कागदांच्या घड्या घालणारी बाई. तिनं चिठ्ठी हातावर तोलली, कडेवरून नख फिरवलं आणि हसली.

"मशीनची आहे, माई. माणसाच्या हातानं नाही व्हायची."

"मग तूच ठेव नमुना म्हणून. घालून दाखव एकदा अशी."

वहिनीनं ती चिठ्ठी आपल्या डब्यात जपून ठेवली. मित्रांनो, जन्मभर पुस्तकं बांधणारी माणसं ती. कागद दिसला की आधी कड बघायची, जाडी बघायची, घडी बघायची. त्यावर लिहिलंय काय, हे बघायला त्यांना सवड कुठे होती? चिठ्ठी कुणीही उघडली नाही.

पहिले दोन महिने मी फक्त माईंचा होतो. मग त्यांना हौस आली. आपल्याला साखर निघाली तशी आपल्या माणसांनाही असेल, आणि बिचाऱ्यांना पत्ताच नसेल! झालं. दर शनिवारी जेवण झालं की चहाच्या आधी सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं. कारखान्यात या कार्यक्रमाला 'शनिवारचा टोचा' असं नाव पडलं. माई एप्रनच्या खिशातून मला काढायच्या, प्रत्येकासाठी नवी सुई घालायच्या, मला वरून स्पिरिटच्या कापसानं पुसायच्या. त्यात कधी कुचराई नाही. "एकाची सुई दुसऱ्याला नाही हं," असं त्या वर बजावून सांगायच्या, आणि सगळे माना डोलवायचे.

सुई नवी असायची. टोपण मात्र तेच. टोपणाच्या भोकाची आतली कड कुणाला दिसत नव्हती. तिथं कुणाच्या तरी थेंबातला कणभर लागायचा, वाळायचा, तपकिरी व्हायचा. मला तो जाणवायचा. पण मला वाटायचं, असेल, कामाचा डाग आहे. खरं सांगतो, मला त्याचा थोडा अभिमानही होता.

रांगेतून पळ काढायची ती एकटी वहिनी. सुई दिसली की ती दोन पावलं मागे सरायची. "ढीगभर कागदाला घाबरत नाही आणि टाचणीएवढ्या सुईला घाबरते, भित्री भागूबाई!" असं सगळे चिडवायचे. ती पाण्याचा माठ भरायचं निमित्त काढून मागच्या दारानं सटकायची. पिण्याचं पाणी उकळून, गाळून भरणं हे तिचंच काम होतं.

सगळ्यात जास्त माई मागे लागायच्या ते कटरकाकांच्या. कटरकाका कागद कापायच्या मशीनवर तीस वर्षं उभे होते. तरुणपणी त्याच मशीननं त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धी नेली होती. तेव्हा म्हणे त्यांना बाहेरून रक्त चढवावं लागलं होतं. माणूस शांत, कामाचा पक्का. अलीकडे मात्र वाळत चालला होता. दुपारी पेंगायचा, पाय सुजायचे, जेवण अर्धं टाकायचा.

"काका, बोट पुढे करा बघू."

"नको हो माई, गेल्या शनिवारीच झालं की. साखर चांगली आली होती."

"चांगली आहे तर मग वाळताय कशानं? आणा इकडे. लहान मुलासारखं काय करता!"

आणि त्या त्यांचं बोट ओढून घ्यायच्या. साखर नेहमी चांगलीच यायची. माई हैराण व्हायच्या. त्या चुकीच्या घरात चोर शोधत होत्या. चोर साखरेत नव्हता, काकांच्या यकृतात बसला होता, कितीतरी वर्षांपासून. हे मला फार नंतर कळलं.

मग एक दिवस पुस्तकं चिकटवायची खळ शिजवणारा दादा डोळे पिवळे करून आला. लघवी चहासारखी, अन्नाचा वास नको, अंगात त्राण नाही. गल्लीतल्या डॉक्टरांनी लांबूनच सांगितलं, "कावीळ आहे. पाणी जपा." रक्त तपासलं नाही. कावीळ म्हणजे पाणी, हे सगळ्यांना इतकं पाठ होतं, की कुणाला दुसरं काही विचारावंसं वाटलं नाही.

आता पाणी भरतं कोण? वहिनी! सगळ्यांचे डोळे तिच्याकडे वळले. माईंनी टाकी घासून घेतली, माठ फोडला आणि वहिनीला बाजूला बोलावलं.

"वहिनी, काही दिवस तू येऊ नकोस."

"माई, मी उकळूनच भरते पाणी. तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत आहे गं. पण लोकांना काय सांगू? माझी चिमी येतेय बाळंतपणाला. तिला काही झालं तर?"

वहिनीनं एप्रन काढला, त्याची घडी घातली, टेबलावर ठेवली आणि निघून गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. चोर माईंच्या खिशात होता, छातीपासून वीतभर अंतरावर. खळवाला दादा दीड महिन्यात बरा झाला, तेव्हा सगळे म्हणाले, "बघा, पाणी बदललं आणि गुण आला."

पण मला शंका यायला लागली होती. दादाच्या थेंबाची चव काकांच्या थेंबासारखी झाली होती. चव म्हणजे काय, ते मला नीट सांगता येणार नाही. पण तुमचं जन्मभराचं कामच रक्ताशी असेल, तर तुम्हालाही कळलं असतं. माझ्या मनात पाल चुकचुकली. मी कुणाला सांगणार? मला तोंड आहे ते टोचण्यापुरतं.

चिमी आली. माईंची एकुलती एक मुलगी, सातवा महिना, गालांवर तेज, दिवसभर बडबड. तिच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, साखर किंचित वर आहे, लक्ष ठेवा. माईंना हेच पाहिजे होतं! "यंत्र घरात असताना दवाखान्यात कशाला खेटे घालायचे?" त्या म्हणाल्या.

पहिला दिवस मला आठवतो. तो शनिवार होता. काकांचा टोचा नुकताच झाला होता. माईंनी मला पुसलं, नवी सुई घातली आणि टोपण चिमीच्या अनामिकेला टेकवलं. चाप दाबला. मी अडलो. स्प्रिंग हललीच नाही. पुन्हा दाबला, पुन्हा नाही. मित्रांनो, मी मुद्दाम अडलो असं सांगायला मला फार आवडेल. पण खोटं कशाला बोलू? मी जुना झालो होतो, स्प्रिंग गंजली होती. तरी त्या घटकेला मला वाटलं, बरं झालं. आता मला फेकून देतील.

"आई, राहू दे ना," चिमी म्हणाली. "नवं आणू उद्या."

"थांब गं. काका! जरा बघता का हे?"

काका आले. त्यांनी मला अर्ध्या बोटांच्या हातात धरलं, उघडलं आणि कटरच्या तेलाच्या बुधलीतून एक थेंब, एकच थेंब, स्प्रिंगवर सोडला. दोनदा चाप ओढून पाहिला. टच्. टच्.

"घ्या. अजून दहा वर्षं मरण नाही याला," ते म्हणाले. चिमी हसली. "काका, तुमच्या हातात जादू आहे हं," असं म्हणून तिनं बोट पुढे केलं.

त्यानंतर सात आठवडे, आठवड्यातून दोनदा.

आणि मग माई आजारी पडल्या. आधी जेवण जाईना, मग उलट्या, मग डोळे हळदीसारखे. पुन्हा पाणी उकळणं, पुन्हा टाकी घासणं. या वेळी वहिनी नव्हती, तरी कावीळ आली होती. पण याचा अर्थ काय, असं कुणी कुणाला विचारलं नाही. माई आठ दिवस घरीच झोपून राहिल्या. कुणीतरी झाडपाल्याची पूड दिली, ती घेतली. नवव्या दिवशी त्या बोलता बोलता भरकटल्या, तेव्हा त्यांना रुग्णालयात आणलं. मी चिमीच्या पिशवीत होतो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला रोखठोक. रक्ताचा अहवाल घेऊन त्या खाटेजवळ आल्या.

"ही पाण्यातली कावीळ नाही. हा हिपॅटायटिस बी आहे. हा पाण्यातून, जेवणातून येत नाही. रक्तातून येतो. इंजेक्शन, रक्त चढवणं, कुणाचं ब्लेड, असं काही झालंय का सहा महिन्यांत?"

"नाही हो," चिमी म्हणाली. "आमच्या आईला साधं खरचटलेलं चालत नाही. एक मिनिट हं, जेवण यायच्या आत तिची साखर बघते." आणि तिनं मला बाहेर काढलं.

डॉक्टरीणबाईंचा हात मध्येच आला. "हे कुणाकुणाला वापरता?"

"सगळ्यांना!" चिमी कौतुकानं म्हणाली. "कारखान्यातल्या सगळ्यांना, मलासुद्धा. पण सुई दरवेळी नवी असते हं. आईचा कटाक्ष आहे."

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे घातले, माझं टोपण काढलं आणि खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. आतल्या कडेला तपकिरी कडं होतं. त्यांनी ते चिमीला दाखवलं. त्या म्हणाल्या, "या डागात तो विषाणू आठवडाभर जिवंत राहतो. सुई बदलून काय उपयोग? ती दरवेळी याच भोकातून जाते. आणि हे पुसूनही भागत नाही. एका माणसाचं एकच पेन, दुसऱ्याला द्यायचंच नाही."

चिमीनं आपलं पोट दोन्ही हातांनी धरलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, मित्रांनो. कळसा सापडला, पण उशिरा.

सगळ्यांची रक्तं तपासली. खळवाल्या दादाच्या शरीरानं विषाणू हाकलून दिला होता. मोठ्या माणसांत बहुतेकांचं असंच होतं म्हणे. चिमीच्या रक्तात तो होता, चेहऱ्यावर काहीच खूण नव्हती. आणि काकांच्या रक्तात तो वर्षानुवर्षं होता, बहुधा बोटं गेली तेव्हा चढवलेल्या रक्तापासून.

डॉक्टरीणबाईंनी काकांना समजावून सांगितलं ते मी त्यांच्या कोटाच्या खिशात, पिशवीत बंद होऊन ऐकलं. यकृत फार सोशिक असतं. अन्नातली साखर साठवतं, रक्त गोठायला लागणारा माल बनवतं, शरीरातलं विष निवडून बाहेर काढतं. त्याला इजा झाली तरी ते ओरडत नाही. जखम भरत राहतं, भरलेल्या जागी वण पडतो, वणावर वण चढतो, आणि एक दिवस ते सगळंच कडक होऊन बसतं.

"म्हणजे पुठ्ठा झाला म्हणा," काका म्हणाले. "एकावर एक कागद चिकटवून वाळवले की होतो तसा."

"तसंच. गोळी आहे. विषाणू दबून राहील, पुढचं नुकसान थांबेल. पण झालेला पुठ्ठा पुन्हा कागद होणं कठीण."

"मला दुखलं नाही हो कधी," काका म्हणाले. "एकदा तरी दुखायचं होतं."

माईंचं यकृत मात्र एकदमच कोसळलं. वय, साखर, आणि उशीर. शरीरातलं विष मेंदूत चढत होतं. कधी त्या झोपून राहायच्या, कधी हवेत बोटं चालवून कागद मोजायच्या. एका सकाळी त्या शुद्धीवर होत्या. काका दारात उभे होते.

"काका, आत या की."

"इथेच बरा आहे मी."

"या हो. आता मला काय व्हायचं राहिलंय?"

काका आले, पण खाटेला हात लावला नाही. "माई, माझ्या रक्तातनं आलं हे. तीस वर्षं तुमच्याजवळ राहिलो आणि तुम्हाला हे दिलं."

"तुम्ही कुठे दिलंत?" माई हळू म्हणाल्या. "तुम्ही नको नको म्हणत होतात. बोट मी ओढून घेत होते." मग त्यांनी आपली बोटं डोळ्यांसमोर धरली. "आणि चिमीला मी टोचलं. माझ्या हातानं. साखर बघू, साखर बघू करत."

दुपारपासून त्या पुन्हा हरवल्या. एकच बोलत राहिल्या, "वहिनी, पाणी आण गं. तुझ्या माठातलं आण." चिमीनं वहिनीला निरोप पाठवला. वहिनी बाटली भरून धावत आली. उकळलेलं, गाळलेलं, अजून कोमट होतं. पण ती पोचली तेव्हा माईंना घोट गिळता येत नव्हता. वहिनीनं बोट बुडवून त्यांच्या ओठांवरून फिरवलं. त्या संध्याकाळी माई गेल्या.

चिमीला मुलगी झाली, ती माईंना दिसली नाही. जन्मल्यावर काही तासांतच त्या एवढ्याशा मांड्यांत दोन इंजेक्शनं दिली, एक लस आणि एक तयार प्रतिकाराचं औषध. पुढचे डोस वेळेवर झाले. आम्ही सगळे वर्षभर वाट पाहत राहिलो. मीसुद्धा, या बरणीतून.

शेवटी मुलीचा अहवाल आला. चिमी मुलीला कडेवर घेऊन या टेबलासमोर बसली होती. वहिनीही आली होती. कारखान्यातल्या सगळ्यांनी तपासणी केली होती, सुईच्या भीतीनं मागे राहिली होती ती हीच. आदल्या दिवशी डोळे मिटून तिनं रक्त दिलं होतं. तिचं रक्त स्वच्छ निघालं.

"मुलगीही स्वच्छ आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. चिमी रडायला लागली. "तुमच्या रक्तातून मात्र तो गेलेला नाही. क्वचित राहतो. दर सहा महिन्यांनी यायचं, यकृतावर नजर ठेवायची."

एवढ्यात मुलीनं माझ्याकडे हात केला. चकाकतं काही दिसलं की मुलं करतात तसा. तिची बोटं काचेला लागली मात्र, चिमी किंचाळली आणि तिला मागे ओढलं. मूल घाबरून रडू लागलं. "काच आहे गं, काही होत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं हे पसरत नाही."

"मला माहीत आहे," चिमी म्हणाली. "काकांनाही माहीत आहे. तरी ते चहाचा कप वेगळा ठेवतात आणि भिंतीकडे तोंड करून पितात."

मग ती वहिनीकडे वळली. "वहिनी, आईनं तुम्हाला..."

"राहू दे," वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात माया नव्हती, रागही नव्हता. "पाणी मी उकळत होते. त्यांनी चार लोकांसमोर एकदा म्हणायचं होतं, एवढंच. आणि हे घे. माईंनी दिलेला नमुना. त्या गेल्यावर मला ठेववेना."

तिनं डब्यातून चिठ्ठी काढली. आठ घड्या. तीन वर्षं कुणी न उघडलेली. चिमीनं मूल मांडीवर ठेवलं आणि एका हातानं ती उलगडली. ती माझीच चिठ्ठी होती, मित्रांनो, माझ्या डबीत माझ्याबरोबर झोपलेली. मी तिच्यावरचं पहिल्यांदाच ऐकलं. चिमी मोठ्यानं वाचत होती, आणि तिसरी ओळ तिनं दोनदा वाचली.

"हे पेन एकाच व्यक्तीसाठी आहे. सुई बदलली तरी दुसऱ्या व्यक्तीस वापरू नये."

वहिनीनं तिच्या हातातून कागद घेतला. तीस वर्षांची सवय ती! तिची बोटं आपोआप चालू लागली. एक घडी, दोन, तीन. कडेला कड जुळत होती, रेघ हलत नव्हती.

"वहिनी," चिमी म्हणाली, "नका ना. नका घालू घडी."

ती चिठ्ठी आता माझ्या बरणीशेजारी भिंतीवर चिकटवलेली आहे, पूर्ण उघडी. इथे शिकायला येणाऱ्या मुलामुलींना डॉक्टरीणबाई आधी ती वाचायला लावतात आणि मग मला दाखवतात. मुलं म्हणतात, "एवढंसं पेन?" हो, एवढंसंच. माझी विनंतीही एवढीशीच आहे. सुई असो, ब्लेड असो, रक्ताला शिवणारी वस्तू मायेनंसुद्धा दुसऱ्याला देऊ नका. लस मिळते, ती घ्या. कावीळ दिसली की कुणाला बोल लावण्याआधी रक्त तपासा. आणि माझ्यासारखी वस्तू तुमच्या घरात फार जपून ठेवलेली सापडली, तर तिचं कौतुक करू नका. तिला फेकून द्या.